प्रोटॅक्टिनियमचं अर्धायुष्य नक्की किती? तिन्ही आकडे बरोबर आहेत

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. एक विज्ञानाच्या शिक्षिका शाळेतल्या मुलांबरोबर आवर्तसारणीची मराठी कार्डं करतायत, प्रत्येक मूलद्रव्याला एक कार्ड, आणि ९१ नंबरला येऊन गाडी अडली. प्रोटॅक्टिनियमचं अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, एका ठिकाणी ३२,७६० वर्षं दिलंय, दुसरीकडे २७ दिवस आणि तिसरीकडे जेमतेम एक मिनिट, मग कार्डावर कुठलं लिहायचं? शिवाय प्रोटोॲक्टिनियम की प्रोटॅक्टिनियम, किरणोत्सारी की किरणोत्सर्गी, आणि हे आपल्या केरळच्या वाळूत सापडतं का.

मॅडम, तिन्ही आकडे बरोबर आहेत, कोणीही चूक केलेली नाहीये. फक्त ते तीन वेगवेगळ्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या पण न्यूट्रॉन कमीजास्त असलेल्या अणूंचे आहेत आणि लिहिणाऱ्यांनी नावापुढचा आकडा गाळलाय. ३२,७६० वर्षं हे प्रोटॅक्टिनियम-२३१ चं, २७ दिवस हे २३३ चं, आणि एक मिनिटवालं हे २३४ च्या एका खास अवस्थेचं, ज्याला २३४-एम म्हणतात. मी रेडिओकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तीसेक वर्षं काढली, त्यातली बरीचशी थोरियमच्या कामात, आणि आमच्याकडे कोणी नुसतं "प्रोटॅक्टिनियम" म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न यायचा, "कितवं?" किरणोत्सारी मूलद्रव्याच्या बाबतीत तो आकडा म्हणजे आडनाव आहे असं समजा, त्याच्याशिवाय माणूस ओळखता येत नाही.

आता गंमत बघा, ह्या धातूच्या नावाचा सगळा इतिहास हाच मुळी "समस्थानिक" ह्या शब्दाचा इतिहास आहे. १८७१ मध्ये मेंडेलीव्हने थोरियम आणि युरेनियमच्या मधली जागा मोकळी सोडली आणि टँटलमसारखं वागणारं काहीतरी इथे असणार असं म्हणून ठेवलं. त्याला नाव काय, तर एका-टँटलम. हे "एका" म्हणजे आपलं संस्कृतमधलं एक, त्याने अशी संस्कृत उपपदं मुद्दाम वापरली होती, एका-बोरॉन, एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. हे मुलांना नक्की सांगा, त्यांचे डोळे चमकतात. मग १९०० मध्ये क्रूक्सने युरेनियममधून एक जबरदस्त किरणोत्सारी अंश वेगळा काढला आणि काय आहे ते कळेना म्हणून त्याला युरेनियम-एक्स म्हटलं. त्या एक्सच्या आत खरं तर दोन वस्तू होत्या, हे १९१३ मध्ये कार्लस्रूहला फायान्स आणि ग्योरिंग ह्या दोघांनी दाखवलं, एक थोरियमचं समस्थानिक आणि दुसरं मिनिटभरात निम्मं होऊन जाणारं नवंच मूलद्रव्य, ९१ नंबरचं. इतकं अल्पजीवी म्हणून नाव ठेवलं ब्रेव्हियम. म्हणजे पहिल्यांदा नाव पडलं ते ह्या एक मिनिटवाल्याचं.

आता त्याच वर्षाच्या शेवटी सॉडी ह्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने "आयसोटोप" हा शब्द छापून आणला, शब्द सुचवला मार्गारेट टॉड नावाच्या डॉक्टर बाईंनी, ग्रीकमध्ये आयसो म्हणजे सारखं आणि टोपोस म्हणजे जागा. आवर्तसारणीत एकाच चौकोनात बसणारे, म्हणून. आपला "समस्थानिक" हा त्याचा इतका नेमका प्रतिशब्द आहे की मला कधीकधी वाटतं इंग्रजीत शिकणाऱ्या मुलापेक्षा मराठीत शिकणाऱ्याला तो लवकर कळायला हवा, सम आणि स्थान दोन्ही समोर दिसतात. पण आपण मुलांकडून फक्त व्याख्या पाठ करून घेतो आणि शब्द फोडून दाखवत नाही.

मग बर्लिन. लीझे माइटनर आणि ओटो हान हे दोघं ॲक्टिनियमचा जनक शोधत होते, म्हणजे ॲक्टिनियम ज्याच्या क्षयातून येतं ते मूलद्रव्य. मध्येच पहिलं महायुद्ध आलं. हान सैन्यात, माइटनर स्वतः ऑस्ट्रियन सैन्याच्या इस्पितळात एक्स-रेचं काम करून १९१६ मध्ये परत आल्या, प्रयोगशाळा अर्धी रिकामी, सहायक सगळे युद्धावर. पिचब्लेंड ह्या युरेनियमच्या खनिजावर नायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केल्यावर मागे जो न विरघळणारा सिलिकासारखा गाळ उरतो, त्यात टँटलमच्या गटातल्या वस्तू राहतात, आणि जनक तिथेच असणार हा त्यांचा हिशोब. तो गाळ घेऊन त्या बाईंनी बरंचसं काम एकटीने ओढलं, आणि मार्च १९१८ मध्ये पेपर पाठवला, त्यावर पहिलं नाव हानचं. काम कोणी केलं हे त्यांच्या आपसातल्या पत्रांवरून पुरेसं स्पष्ट आहे आणि मला ह्याचं आजही वाईट वाटतं, म्हणून कार्डावर जागा कमी असेल तर माझी विनंती आहे की माइटनर हे नाव आधी लिहा. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये सॉडी आणि क्रॅन्स्टन ह्यांनाही ते स्वतंत्रपणे सापडलं होतं.

ह्या नव्या मूलद्रव्याला नाव दिलं प्रोटोॲक्टिनियम, प्रोटो म्हणजे आधीचं, ॲक्टिनियमच्या आधीचं. त्याचं जे समस्थानिक मिळालं ते २३१, हजारो वर्षं टिकणारं. आता एकाच चौकोनात दोन नावं कशी ठेवणार, तर जे जास्त टिकतं त्याचं नाव राहील असं ठरलं, आणि ब्रेव्हियम हे नाव मागे पडलं, फायान्सनेही ते मान्य केलं. पुढे १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने उच्चाराला सोपं म्हणून मधला ओ काढला आणि प्रोटॅक्टिनियम झालं. म्हणजे जुन्या पुस्तकात प्रोटोॲक्टिनियम दिसलं तर ते चूक नाही, जुनं आहे. कार्डावर प्रोटॅक्टिनियमच लिहा.

आता ते एक मिनिटवालं, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि नवीन मुलांना कित्येकदा दाखवलंय. एक छोटी जाड प्लास्टिकची सीलबंद बाटली असते, पारदर्शक, त्यात खाली युरेनियमच्या क्षाराचं पिवळं, ॲसिड घातलेलं द्रावण आणि वर एक सेंद्रिय द्रावक, तेलासारखा तरंगणारा, बिनरंगी. बाटली पंधराएक सेकंद जोरात हलवायची, टेबलावर ठेवायची, थर वेगळे व्हायला लागतात, पिवळं खाली, वरचं स्वच्छ. ह्या हलवण्यात प्रोटॅक्टिनियम वरच्या द्रावकात जातं, थोरियम खालीच राहतं. गायगर काउंटरची, म्हणजे किरण मोजणाऱ्या यंत्राची नळी वरच्या थराला लावली की कडकडाट सुरू होतो, आणि मग तो तुमच्यादेखत ओसरत जातो, सत्तर सेकंदांत निम्मा, आणखी सत्तरमध्ये पाव, साडेतीन मिनिटांत आठवा भाग. दर दहा सेकंदांनी आकडा लिहायचा आणि आलेख काढायचा. आणि नंतर नळी खालच्या थराला लावली तर उलटं दिसतं, तिथे आवाज हळूहळू वाढत जातो कारण थोरियम-२३४ पासून नवीन प्रोटॅक्टिनियम तयार होत असतं, दहा मिनिटांनी बाटली परत तयार. लॅबच्या बोलीत ह्याला दूध काढणं म्हणतात, जनक म्हणजे गाय. हॉस्पिटलमध्ये स्कॅनसाठी जे टेक्नेशियम-९९-एम वापरतात ते मॉलिब्डेनमपासून ह्याच तत्त्वाने काढतात.

एक बारीक गोष्ट, जी मला ह्या प्रयोगात फार आवडते. बाटलीत युरेनियम आहे, थोरियम आहे, ते पण किरण सोडतायत, मग नळीला फक्त प्रोटॅक्टिनियमच कसं ऐकू येतं? तर युरेनियमचे अल्फा कण प्लास्टिकच्या बाहेरच येत नाहीत, थोरियम-२३४ चे बीटा इतके दुबळे की तेही भिंतीत अडतात, आणि प्रोटॅक्टिनियम-२३४-एमचे बीटा मात्र दोन एमईव्हीच्या (हे ऊर्जेचं एकक) वर, ते आरपार येतात. म्हणजे बाटलीची भिंतच चाळणीचं काम करते. ह्या बाटल्या अधिकृतपणे तयार केलेल्या सीलबंद मिळतात त्याच वापरायच्या असतात, शाळेत घरगुती करून बघायची वस्तू नाही ही, व्हिडिओ दाखवा.

ते शेवटचं "एम" म्हणजे मेटास्टेबल. अणुकेंद्र तेच, प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन तेवढेच, फक्त केंद्रक थोडं जास्त ऊर्जेच्या अवस्थेत अडकून बसलेलं, जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबल्यासारखं. साध्या प्रोटॅक्टिनियम-२३४ चं अर्धायुष्य ६.७ तास आहे, आणि एमचं सत्तर सेकंद. त्यामुळे तुम्हाला उद्या कुठेतरी चौथा आकडा दिसला तर गोंधळू नका, तोही बरोबर आहे.

अर्धायुष्य ह्या शब्दाबद्दल मात्र मला तक्रार आहे. समस्थानिक जितका चांगला तितका हा फसवा, कारण मराठी ऐकणाऱ्याला सरळ वाटतं की अर्धं आयुष्य सत्तर सेकंद तर पूर्ण आयुष्य एकशेचाळीस, मग खेळ खल्लास. हे उत्तर मी एमएस्सी झालेल्या मुलांकडूनही ऐकलंय. तसं होत नाही, दर सत्तर सेकंदांनी उरलेल्यातलं निम्मं जातं, आणि एखादा अणू कधी जाणार हे त्या अणूच्या वयावर अजिबात ठरत नाही, तो म्हातारा होत नाही. काल तयार झालेला आणि हजार वर्षांपूर्वी तयार झालेला प्रोटॅक्टिनियम-२३१ चा अणू, दोघांची पुढच्या मिनिटात फुटण्याची शक्यता अगदी सारखी. त्यामुळे मी मुलांना शिकवताना "निम्मं होण्याचा काळ" असंच म्हणतो आणि मग अर्धायुष्य हा शब्द देतो. कार्डावर पण शब्द अर्धायुष्य ठेवा आणि खाली ही तीन शब्दांची ओळ टाका.

तसंच "क्षय". मुलांना क्षय म्हटलं की रोग किंवा कुजणं आठवतं, पण इथे काही कुजत नाही, एक मूलद्रव्य बदलून दुसरं होतं. युरेनियम-२३५ अल्फा टाकून थोरियम-२३१ होतं, ते बीटा टाकून प्रोटॅक्टिनियम-२३१, ते पुन्हा अल्फा टाकून ॲक्टिनियम-२२७. अल्फा गेला की सारणीत दोन घरं मागे, बीटा गेला की एक घर पुढे, इतकं पक्कं झालं की पूर्ण माला मुलं स्वतः लिहितात. बघा ना, ९२, मग ९०, मग ९१, मग ८९.

किरणोत्सारी की किरणोत्सर्गी, तर दोन्ही चालतात, शाळेच्या पुस्तकांत किरणोत्सारी जास्त, कोशांमधून आणि वर्तमानपत्रांतून किरणोत्सर्गी. तुम्ही शाळेसाठी करताय तर किरणोत्सारी ठेवा, फक्त सगळ्या कार्डांवर एकच. खरी चूक वेगळीच होते, प्रारण (रेडिएशन) आणि किरणोत्सर्ग (रेडिओॲक्टिव्हिटी) ह्यांची सरमिसळ. मोबाइल टॉवरचा "किरणोत्सर्ग" असं सर्रास छापलेलं दिसतं. टॉवरमधून रेडिओलहरी निघतात, ते प्रारण आहे, किरणोत्सर्ग हा अणुकेंद्राचा गुण आहे आणि टॉवरमध्ये कुठलंही अणुकेंद्र फुटत नाही. लोक विनाकारण घाबरतात ते ह्या एका शब्दाने.

आता दुर्मिळ किती. हा हिशोब नववीच्या मुलालाही करता येईल. खूप जुन्या खनिजात युरेनियम-२३५ पासून प्रोटॅक्टिनियम तयार होतं तितकंच रोज क्षय पावतं, नळ चालू आणि तळाला भोक असलेल्या बादलीतल्या पाण्यासारखं, पातळी स्थिर. अशा वेळी दोघांच्या अणूंचं प्रमाण हे त्यांच्या अर्धायुष्यांच्या प्रमाणात असतं. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी ४० लाख वर्षं, प्रोटॅक्टिनियम-२३१ चं ३२,७६०, म्हणजे साधारण साडेएकवीस हजारांत एक. एक टन नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ असतं सात किलोच्या जरा वर, त्याला भागलं की उत्तर येतं एक तृतीयांश ग्रॅम. एक टन शुद्ध युरेनियमामागे हे एवढं, आणि आपल्या झारखंडच्या जादुगुडासारख्या खाणीत दगडात युरेनियमच मुळात टक्क्याच्या दहाव्या भागापेक्षा कमी असतं, तर किती दगड उपसावा लागेल बघा. म्हणून १९२७ मध्ये फॉन ग्रोसेने जे पहिलं शुद्ध ऑक्साइड काढलं ते २ मिलिग्रॅम होतं, धातू त्याला १९३४ मध्ये मिळाला. आणि १९६० च्या आसपास ब्रिटनच्या अणुऊर्जा संस्थेने ६० टन टाकाऊ गाळातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास काढलं, त्यावर नंतर अनेक वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळांचं काम चाललं. मुठीत मावेल एवढा धातू, कारण घनता १५ च्या वर आहे, शिशापेक्षाही जड.

दुर्मिळ लिहिताना एक सांभाळा, "दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये" हा वेगळा गट आहे, सिरियम, निओडिमियम वगैरे, त्यातली बरीचशी नावापुरतीच दुर्मिळ आहेत. प्रोटॅक्टिनियम त्या गटात नाही, ते ॲक्टिनाइड मालेतलं.

केरळच्या वाळूचं उत्तर लोकांना चकवतं. केरळात चवरा आणि शेजारच्या तमिळनाडूत मनवलकुरिची, ह्या किनाऱ्यांवर मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात थोरियम भरपूर, आणि थोरियम-प्रोटॅक्टिनियम सारणीत शेजारी, म्हणून वाटतं असणारच. पण थोरियम-२३२ ची नैसर्गिक क्षयमाला प्रोटॅक्टिनियमवरून जातच नाही, ती रेडियम, ॲक्टिनियम, परत थोरियम अशी खाली उतरत शिशापर्यंत जाते. मोनाझाइटमध्ये जे थोडंसं युरेनियम असतं त्याच्यामुळे जो काही अंश येईल तेवढाच. थोरियमपासून प्रोटॅक्टिनियम मिळतं ते रिॲक्टरमध्ये. थोरियम-२३२ ने न्यूट्रॉन गिळला की थोरियम-२३३, ते २२ मिनिटांच्या अर्धायुष्याने प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, आणि ते २७ दिवसांच्या अर्धायुष्याने युरेनियम-२३३, जे अणुइंधन आहे. भाभांनी मांडलेल्या भारताच्या तीन टप्प्यांच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचा तिसरा टप्पा ह्या वाटेवर उभा आहे, आणि कल्पाक्कमची कामिनी ही छोटी ३० किलोवॅटची अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वरच चालते. तर तुमचे २७ दिवस हे इथले.

आणि हे २७ दिवस रिॲक्टरवाल्यांना फार छळतात. युरेनियम व्हायच्या आधीच प्रोटॅक्टिनियमने आणखी एक न्यूट्रॉन गिळला तर ते २३४ होतं, आणि हाताशी आलेलं इंधनही गेलं आणि न्यूट्रॉनही गेला. शिवाय रिॲक्टर बंद केल्यावरही साठलेलं प्रोटॅक्टिनियम युरेनियम-२३३ होतच राहतं, म्हणजे बंद भट्टीतलं इंधन काही आठवडे वाढत असतं, त्याचा हिशोब डिझाइनमध्ये आधीच धरावा लागतो. पूर्ण रूपांतर व्हायला दहा अर्धायुष्यं धरा, नऊ महिने.

लॅबमधल्या त्रासाचं एक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी प्रोटॅक्टिनियम-२३३ चं अगदी विरळ द्रावण नायट्रिक ॲसिडमध्ये करून काचेच्या फ्लास्कमध्ये रात्रभर ठेवलं होतं. सकाळी नमुना काढून मोजला तर काउंट निम्म्याच्या खाली. २७ दिवसांचं अर्धायुष्य, एका रात्रीत निम्मं कसं होईल? दोनदा परत मोजलं, उपकरण तपासलं, काही सापडेना. शेवटी आमच्या सरांनी सगळं द्रावण ओतून टाकायला लावलं, फ्लास्क दोनदा धुवायला लावला आणि तो रिकामा फ्लास्क डिटेक्टरसमोर धरायला सांगितला. ३१२ केईव्हीची रेषा, म्हणजे प्रोटॅक्टिनियम-२३३ च्या गॅमा किरणांची खूण, स्क्रीनवर ताठ उभी. सगळं काचेला चिकटून बसलं होतं. ह्या धातूची संयुजा बहुतेक वेळा ५ असते आणि तशा अवस्थेत तो पाण्याशी लगेच अभिक्रिया करून काचेला, गाळाला, जे मिळेल त्याला चिकटतो, टँटलमसारखाच, म्हणजे मेंडेलीव्हचं भाकीत आणि माइटनरचा तो सिलिकाचा गाळ दोन्ही मला त्या फ्लास्कमध्ये दिसले. द्रावणात टिकवायला फ्लोराइड लागतं, आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिड काचच खातं, म्हणून मग प्लास्टिक किंवा टेफ्लॉनची भांडी.

हेच चिकटणं समुद्रात उपयोगी पडतं. समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या युरेनियमपासून प्रोटॅक्टिनियम-२३१ आणि थोरियम-२३० दोन्ही ठरलेल्या प्रमाणात तयार होत असतात, दोन्ही खाली पडणाऱ्या कणांना चिकटतात, पण थोरियम पटकन आणि प्रोटॅक्टिनियम सावकाश, त्यामुळे ते प्रवाहाबरोबर दूरपर्यंत वाहून जातं. तळाच्या गाळात दोघांचं प्रमाण मोजलं की हजारो वर्षांपूर्वी तिथला खोल प्रवाह जोरात होता की मंदावला होता ह्याचा अंदाज येतो, उत्तर अटलांटिकचा हिमयुगातला इतिहास असा वाचलाय. ह्यापलीकडे ह्या धातूचा बाजारात उपयोग नाही, तसं स्पष्ट लिहा.

धोक्याबद्दल पण एक ओळ असू दे. एक मिलिग्रॅम प्रोटॅक्टिनियम-२३१ मध्ये सेकंदाला १७ लाखांच्या आसपास अणू फुटतात, तेवढ्याच युरेनियम-२३८ मध्ये फक्त बाराएक. अल्फा कण कातडीत अडतात पण धूळ श्वासातून आत गेली तर फार वाईट, म्हणून सगळं काम ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत.

आणि एक, कार्ड तपासताना कोणीतरी नक्की म्हणेल की अणुभार चुकलाय, कारण ९० नंबरच्या थोरियमचा २३२.०४ आणि ९१ नंबरचा २३१.०४, पुढे जाऊन कमी कसा. चुकलेला नाही. सारणी प्रोटॉनच्या संख्येने लावलीय, वजनाने नाही. तसंच पोलोनियम, रेडियमसारख्यांचे अणुभार कंसात पूर्णांकात देतात कारण त्यांचा ठरलेला नैसर्गिक अणुभारच नसतो, पण प्रोटॅक्टिनियमला कंस लावू नका, निसर्गात ते जवळपास सगळं २३१ च असतं म्हणून त्याला दशांशासकट अणुभार मिळालाय. अर्धायुष्याच्या रकान्यात ३२,७६० वर्षं लिहा आणि त्याच्या शेजारी २३१ लिहायला विसरू नका.